आमच्या खानावळीच्या जुन्या मेंबरास

चि. डॉक्टर,

माझ्या मणक्याच्या ऑपरेशनआधी दिलेल्या सल्ल्याबद्दल फोनवर आभार मानायला लागलं की तू "काकू, राहू दे हो" म्हणतोस आणि विषय पांढऱ्या रश्श्यावर नेतोस. म्हणून लिहूनच काढते. उघड लिहिते, माझ्यासारखी कंबर असलेल्या चारजणींनी वाचलं तर बरंच.

तू कोल्हापूरच्या सीपीआरला, म्हणजे सरकारी दवाखान्यात, शिकत होतास तेव्हापासून मी ओट्यावर कोपरं टेकून डबे भरायची, ते तू बघितलंयस. नंतर मंगळवार पेठेतून महाद्वार रोडला जायचं तरी मधे दोनदा बसावं लागायचं. डावी पोटरी बधिर. वाकलं की बरं वाटायचं, ताठ झालं की कळ. मणका वाकडा झालाय हे सगळेच सांगत होते. पुढं काय करायचं, यावर मात्र दोन सर्जनांची दोन मतं. एकजण म्हणाले, छातीच्या खालच्या मणक्यापासून ओटीपोटाच्या हाडापर्यंत स्क्रू आणि रॉड घालून सरळ करू, तारीख घ्या. दुसरे म्हणाले, वाकडेपणाला हात नको, दबलेली नस तेवढी मोकळी करू. खर्चात जमीन-अस्मानाचा फरक. लेक एकीकडे, जावई दुसरीकडे, आणि मी मधे.

तू सुट्टीला आलास, फायली चाळल्यास आणि पहिलं वाक्य बोललास: "हे सगळे एक्स-रे झोपवून काढलेत." झोपल्यावर वळण कमी दिसतं, हे आम्हाला कुणी सांगितलंच नव्हतं. मानेपासून मांडीपर्यंत, उभ्यानं, समोरून आणि बाजूनं नवे काढायला लावलेस. मग स्वयंपाकघराच्या खिडकीला बाजूची फिल्म चिकटवलीस, दोऱ्याला कपाटाची किल्ली बांधलीस आणि मानेच्या सातव्या मणक्यावरून खाली सोडलीस. दोरा माकडहाडाच्या वरच्या हाडापाशीच आला. तो ५ सेंटिमीटरहून जास्त पुढं गेला असता तर शरीराचा तोल गेलाय असं धरतात, म्हणालास. वाकडेपणाचा कोन, तुमचा तो कॉब अँगल, १० अंशांच्या वर गेला की स्कोलिओसिस म्हणायचं. माझा २७ होता. पण मोठ्या माणसाला त्रास किती होणार हे त्या कोनापेक्षा पुढच्या तोलावर जास्त ठरतं, हे त्या किल्लीमुळं डोक्यात बसलं.

मग विचारलंस, "काकू, तुम्हाला सरळ दिसायचंय की चालायचंय?" मी म्हटलं, चालायचंय. सरळ दिसून मला कुठं लग्नाला उभं राहायचंय!

तिथून पुढचं सगळं सोपं झालं. दोघे सर्जन दोन वेगळ्या दुखण्यांना उत्तर देत होते. नुसतं डीकॉम्प्रेशन म्हणजे नसेवरचं हाड आणि जाड झालेला पडदा काढणं. कापाकाप कमी, रक्त कमी जातं. पण माझा कमरेचा चौथा मणका पाचव्यावरून पुढं सरकलेला. तिथला आधार काढून नुसतं मोकळं केलं तर तो आणखी घसरायचा, म्हणून तेवढे दोन मणके स्क्रूनं जोडून घ्यायचे. कुशीतून शिरून दोन मणक्यांमधल्या गादीच्या जागी केज, म्हणजे पोकळ ठोकळा, बसवायचीही एक रीत आहे. पाठीचे स्नायू वाचतात, पण वाट मांडीच्या नसांजवळून जाते, म्हणून काहींची मांडी काही दिवस बधिर राहते.

लांब रॉडचं ऑपरेशन वाईट असं तू एकदाही म्हणाला नाहीस, हे मला आवडलं. ज्यांचा तोल पुढं गेलाय, त्यांना तेच लागतं. कधी मणक्यातून पाचरीसारखा तुकडा काढून एकाच ठिकाणी ३० अंशांपर्यंत वळण दुरुस्त करतात. पण किंमत मोजावी लागते: रॉड तुटू शकतो, जोड धरत नाही, जोडलेल्या भागाच्या वरचा मणका पुढं झुकतो, आणि ओटीपोटापर्यंत जोडलं की खाली बसून भाजी निवडणं अवघड. १९६० च्या दशकातल्या हॅरिंग्टन रॉडनं पाठ सरळ व्हायची, पण कमरेचा नैसर्गिक बाक सपाट होऊन कितीतरी माणसं पुढं पुढं झुकून चालायला लागली, हेही तूच सांगितलंस.

आणि मिश्री! तंबाखूनं हाडाची जोड धरत नाही म्हणून डबी माझ्या देखत कचऱ्यात टाकलीस. त्या दिवशी तुला मनात काय काय बोलले, ते इथं लिहीत नाही. हाडाची घनता तपासायला लावलीस, तिचा टी-स्कोअर उणे २.५ च्या खाली निघाला, म्हणजे हाडं ठिसूळ. हाड मऊ असेल तर स्क्रू ढिले होतात म्हणून आधी काही महिने इंजेक्शनं घ्यायला लावलीस. जावई म्हणाले, उगाच उशीर. तू ऐकलं नाहीस.

शेवटी नस मोकळी करून दोनच मणके जोडले. उजवा खांदा अजून वर आहे, निऱ्या एका बाजूला लोंबतात, आणि वरचं वळण पुढं वाढू शकतं म्हणून दरवर्षी उभ्यानं एक्स-रे काढायचा, हे पक्कं लक्षात आहे. पण पोटरी जागी झाली. भाकऱ्या उभ्यानं थापते, कोपरं न टेकता.

परवा गडहिंग्लजच्या एक बाई आल्या, कोणतं ऑपरेशन करू म्हणून विचारायला. त्यांचेही सगळे एक्स-रे झोपवूनच काढलेले. आधी उभ्यानं काढून या, मग बोलू, म्हटलं. त्यांना तुझा नंबर देऊ का, तेवढं कळव.

तुझी,
खानावळवाली काकू