उत्तर आलं नाही म्हणजे माझं काही कमी पडलं असं नाही

ती. आई-बाबा,

फोनवर माझ्या नोकरीच्या इंटरव्ह्यूचा विषय निघाला की दोन वाक्यांत संपतो. तुम्ही विचारता काही कळलं का, मी म्हणते नाही अजून, मग दोन्हीकडे कोणीच काही बोलत नाही आणि आई तब्येतीचं विचारायला लागते. म्हणून लिहितेय, सविस्तर.

तर त्या कंपनीकडून काहीही आलेलं नाही. होकार नाही, नकार नाही, आणि आता काही येईल असं मला वाटतही नाही. बाबा, तुम्ही म्हणालात की कुठेतरी काहीतरी कमी पडलं असेल, नीट आठवून बघ. आणि आई तू म्हणालीस की एवढे राऊंड घेतले म्हणजे घेणारच आहेत, धीर धर. तुम्ही काळजीनेच बोलता हे मला कळतं, पण या दोन्ही गोष्टी खऱ्या नाहीत, आणि रात्री उशिरापर्यंत तुम्ही दोघं याच्यावरच बोलत बसता असं दादा सांगत होता, म्हणून आत नेमकं काय चालतं ते तुम्हाला माहीत असलेलं बरं.

शेवटच्या राऊंडला काय झालं ते आधी सांगते. मॅनेजरने नोटीस पिरियड किती, थोडा कमी करून मिळेल का असं दोनदा विचारलं. टीममधल्या दोघांना बोलावून ओळख करून दिली. एचआरच्या बाईंनी पगाराच्या स्लिपा मागून घेतल्या, माझ्या आधीच्या बॉसचा नंबर घेतला आणि त्यांना खरोखरच फोनही केला, वीसेक मिनिटं बोलल्या म्हणे. त्याच्याही आधी घरी करायला एक काम दिलं होतं, गोदामातल्या स्टॉकचा डेटा, त्यातला कुठला माल पडून राहतो, का राहतो, काय करता येईल याचं प्रेझेंटेशन. शनिवार-रविवार दोन्ही त्यात गेले आणि ते मी मन लावून केलं, त्यांनाही आवडलं, तसं तोंडावर म्हणाले. निघताना सांगितलं की याच आठवड्यात कळवतो.

मग काय, आठवडा गेला. मी मेल केला, उत्तर नाही. आणखी थोडं थांबून परत केला. फोन केला तर रिंग जाते, कोणी उचलत नाही. मेसेज केला, निळ्या टिका आल्या, म्हणजे वाचला. त्यांच्या पोर्टलवर लॉगिन केलं की माझ्या नावापुढे ‘अंडर रिव्ह्यू’ आणि ते आजही तसंच आहे. आणि मध्ये एक दिवस तीच जाहिरात परत वर आली, शब्दन् शब्द तीच. ज्यांनी माझ्या आधीच्या बॉसशी वीस मिनिटं बोलायला वेळ काढला त्यांना मला दोन ओळी लिहायला वेळ मिळाला नाही, याचा मला राग आहे आणि तो राग योग्यच आहे असं मला वाटतं.

आता आतली गोष्ट. आधीच्या ऑफिसात मी स्वतः इंटरव्ह्यू घेणाऱ्या पॅनेलवर बसलेय, त्यामुळे हे ऐकीव नाही. शेवटच्या राऊंडनंतर साधारण दोन-तीन नावं उरतात. एक नंबरच्या माणसाला ऑफर जाते. पण ऑफर गेली म्हणजे माणूस आला असं नसतं, तो पगारावर घासाघीस करतो, आहे ती कंपनी त्याला थांबवायला बघते, कधी कधी तो अगदी रुजू व्हायच्या दिवशीही येत नाही. म्हणून तो खुर्चीत येऊन बसेपर्यंत दोन आणि तीन नंबरवाल्यांना नाही म्हणायचं नसतं, कारण एकदा नाही म्हटलं की परत कुठल्या तोंडाने बोलावणार. आणि तुम्ही दुसऱ्या नंबरवर आहात, थोडं थांबा, असं सांगायचीही कोणाची तयारी नसते. मग तोंडात मिठाची गुळणी धरून बसायचं. म्हणजे बाबा, कित्येकदा ही शांतता वाईट इंटरव्ह्यू दिलेल्यांच्या नाही, चांगला दिलेल्यांच्याच वाट्याला येते. पहिल्याच राऊंडला बाद झालेल्या माणसाला सिस्टीमचा मेल तरी जातो.

दुसरं म्हणजे जागाच गोठते. वरून निरोप येतो की या तिमाहीत भरती नको, बजेट नाही. पण तसं उघड सांगायचं तर कंपनीची अवस्था बाहेर कळते, म्हणून जागा ‘होल्ड’वर, आणि होल्डवर म्हणजे कोणी काही बोलायचं नाही. किंवा मॅनेजर आपलं मत एचआरला देतच नाही, एचआर त्याच्या मागे लागून लागून दमतं आणि दुसऱ्या जागेकडे वळतं. किंवा ज्या बाई आपल्याशी बोलत होत्या त्याच नोकरी सोडून जातात आणि त्यांची यादी कोणाकडेच जात नाही. मध्ये कन्सल्टन्सी असली तर बघायलाच नको, कंपनी म्हणते त्यांनी कळवलं असेल, ते म्हणतात कंपनीने आम्हालाच काही सांगितलं नाही. आणि या सगळ्याच्या मुळाशी एक गोष्ट आहे. रिक्रूटरचं काम मोजतात ते जागा किती लवकर भरली यावरून, ज्यांना घेतलं नाही त्यांना कळवलं का, हा रकाना कुठल्या रिपोर्टमध्ये मी तरी पाहिला नाही. ज्याचा हिशोब कोणी मागत नाही ते काम मागेच पडतं.

वेळ नसतो हे कारण मला पटत नाही, निदान इंटरव्ह्यूनंतर तरी नाही. एका जाहिरातीला शेकड्याने अर्ज येतात, तिथे प्रत्येकाला उत्तर गेलं नाही तर मी समजून घेईन. पण समोर बसवून ज्यांच्याशी बोललात ती माणसं पाच-सहा असतात. आणि आता हे सगळं सॉफ्टवेअरवर चालतं, वर्कडे, ग्रीनहाऊस अशा सिस्टीम असतात, त्यात नकाराच्या मेलचा साचा आधीच तयार असतो, नावं निवडायची आणि एक बटण दाबायचं, सगळ्यांना एकदम जातो. ते बटण मी स्वतः दाबलंय, दोन मिनिटांचंही काम नाही ते.

मग म्हणतात कायद्याची भीती वाटते, काही लिहून दिलं तर उद्या अंगाशी येईल. यात थोडं तथ्य आहे. युरोपात २०१८ पासून जीडीपीआर हा लोकांची खाजगी माहिती जपण्याचा कायदा लागू झाला, त्यानुसार उमेदवाराला स्वतःबद्दल कंपनीने काय नोंदवून ठेवलंय त्याची प्रत मागता येते, त्यात इंटरव्ह्यूच्या वेळी खरडलेले शेरेही येऊ शकतात, त्यामुळे कारणं लिहिताना लोक जपून लिहितात. पण कारण देणं वेगळं आणि निर्णय कळवणं वेगळं ना? का नाही घेतलं ते नका सांगू, पण नाही घेतलं एवढं सांगायला कुठला कायदा आडवा येतो? उलट कॅनडातल्या ऑन्टॅरिओ प्रांताने त्यासाठी नियमच केलाय. १ जानेवारी २०२६ पासून तिथे २५ किंवा त्याहून जास्त माणसं असलेल्या कंपनीने जाहीर जाहिरात देऊन ज्यांचे इंटरव्ह्यू घेतले, त्यांना शेवटच्या इंटरव्ह्यूपासून ४५ दिवसांच्या आत भरतीचा निर्णय झाला की नाही ते कळवायलाच लागतं. तोंडी सांगा, लिहून द्या, मेल करा, कसंही. शिवाय जाहिरातीतच लिहावं लागतं की ही जागा खरंच रिकामी आहे का, आणि अर्ज चाळायला एआय वापरणार का. हे वाचलं तेव्हा मला फार बरं वाटलं, कारण म्हणजे हा फक्त माझा हळवेपणा नाही, हा त्रास एवढ्या लोकांना होतो की एका सरकारला त्यावर नियम करावासा वाटला. तसं बघितलं तर ४५ दिवस म्हणजे खूपच झाले, पण निदान त्याला शेवट तरी आहे.

आणि त्रास कसला म्हणाल तर, बाबा, तुम्हाला आवडेल अशी एक गोष्ट सांगते. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या संशोधकांनी २०१६ मध्ये एक प्रयोग छापला होता. ४५ लोकांना कॉम्प्युटरवर एक खेळ दिला, दगड उचलायचा आणि खाली साप असेल की नाही ते आधी ओळखायचं, साप निघाला की हाताला विजेचा झटका, बारीकच पण दुखेल असा. मग घाम किती येतो, डोळ्यांच्या बाहुल्या किती मोठ्या होतात ते मोजलं. तर झटका नक्की बसणार हे माहीत असतानापेक्षा, बसेल का नाही हे अर्धं-अर्धं असताना लोकांना जास्त ताण आला. माझं नेमकं हेच चाललंय. नकार आला असता तर एक दिवस वाईट वाटलं असतं, आईशी बोलले असते आणि दुसऱ्या दिवशी पुढच्या अर्जाला लागले असते. हे असं अधांतरी ठेवलं की फोन वाजला तरी छातीत धडधडतं आणि नाही वाजला तरी. दुसरीकडून बोलावणं आलं तर त्यांना काय सांगायचं कळत नाही. सुट्टी टाकायची का, घराचा करार पुढे वाढवायचा का, सगळंच भिजत घोंगडं.

बाबा, तुमच्या त्या जुन्या फाईलमध्ये मी लहानपणी पत्रं बघितली होती, टाइप केलेली, खाली शाईची सही, आम्हास कळवण्यास खेद होतो की वगैरे. तुम्ही ती टाकून दिली नव्हती, नोकरी लागल्याच्या पत्राबरोबरच ठेवली होती. तेव्हा कोणीतरी कागद मशीनमध्ये घालून तुमचं नाव टाइप करायचं, पाकिटावर पत्ता लिहायचं, तिकीट लावायचं. नकारच होता, पण तुमच्या नावाने होता. तुम्ही त्याच पद्धतीत वाढलात म्हणून तुम्हाला वाटतं की उत्तर आलं नाही म्हणजे मुलीचंच काहीतरी बिनसलं असणार. तसं नाहीये बाबा.

मी काही हात जोडून बसले नाहीये. आता इंटरव्ह्यू संपताना मी सरळ विचारते की निर्णय कधीपर्यंत होईल आणि मला कोण कळवेल, त्या माणसाचं नाव आणि मेल लिहून घेते. तारीख उलटली की एक मेल, त्यानंतर आठवड्याने आणखी एक, त्यात स्पष्ट लिहिते की अमुक तारखेपर्यंत उत्तर आलं नाही तर मी हा अर्ज संपला असं धरेन. आणि मग खरंच संपवते, यादीतून नाव खोडते. याने ते लोक सुधारत नाहीत, पण माझ्या डोक्यातली दारं माझ्या हाताने बंद होतात. घरी करायच्या कामाबद्दलही आधीच विचारते, किती तासांचं आहे आणि त्यानंतर प्रतिक्रिया देणार का. एका ठिकाणी यावर चक्क हो म्हणाले आणि दिलीही, जागा मिळाली नाही पण त्या माणसाबद्दल मला अजून आदर आहे.

तुमच्याकडून दोन गोष्टी हव्यात. आई, रोज विचारू नकोस गं. काही कळलं तर सगळ्यात आधी तुलाच फोन करेन, हा शब्द. मावशीला आणि शेजारच्या काकूंना मुलीचं जवळजवळ झालंय असं सांगू नकोस, कारण मग तेही विचारतात आणि मला तेच तेच सांगावं लागतं. आणि बाबा, ओळखीच्या कोणाला सांगून त्या कंपनीत चौकशी करायची नाही, प्लीज. त्यांनी वागायला हवं होतं तसं ते वागले नाहीत, त्यासाठी आपण कोणाच्या दारात जायचं नाही.

आणखी एक. आई म्हणाली तुमच्या वाचनालयात ग्रंथपालाची जागा निघालीय आणि कमिटीवर तुम्ही आहात, पुढच्या महिन्यात इंटरव्ह्यू आहेत. तर बाबा, जेवढ्यांना बोलवाल तेवढ्या सगळ्यांना कळवा. आत्ताच कमिटीत ठरवून घ्या की कोण कळवणार, नाहीतर तिथेही सगळे म्हणतील मला वाटलं तुम्ही कळवलं असेल. ज्यांना दुसऱ्या नंबरवर ठेवाल त्यांना तसं खरं सांगा, की पहिल्या उमेदवाराचं उत्तर यायचंय, अमुक तारखेला नक्की सांगतो. लोक समजून घेतात हो, सांगितलं की. बाकीच्यांसाठी मी मजकूर लिहून देते, तुम्ही फक्त नावं घाला:

‘नमस्कार, ग्रंथपाल पदासाठी आपण वेळ काढून मुलाखतीला आलात त्याबद्दल आभार. या जागेसाठी आम्ही दुसऱ्या उमेदवाराची निवड केली आहे. आपली कागदपत्रं आमच्याकडे असतील तर ती आपण केव्हाही घेऊन जाऊ शकता.’

एवढंच पुरे. मेलवर पाठवा, आणि ज्यांच्याकडे मेल नसेल त्यांना फोन करा, तुम्हाला जड जात असेल तर नंबर मला द्या, रविवारी मी करेन सगळ्यांना.

तुमची,
ताई