त्याला कामावर घे, आणि पुढचे तीन महिने जपून काढ

चि. बाळास,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं. तुझ्या कारखान्यात वेल्डर हवा आहे, आलेल्यांमध्ये एकाचा हात सगळ्यात चांगला बसलेला आहे, आणि त्यानं स्वतःहूनच सांगितलं की मी तुरुंगात शिक्षा भोगून आलोय, हे काम आतच शिकलो. तू विचारलंयस, "आई, इतकी वर्षं तू तुरुंगातून सुटलेल्या लोकांबरोबर काम केलंस, तूच सांग, घेऊ का?" घे. हे मी मायेपोटी सांगत नाहीये, पूर्ण विचार करून सांगतेय. फक्त, घेणं हा त्यातला सोपा भाग आहे. पुढचे दोन-तीन महिने निभावणं अवघड, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

त्यानं न विचारता सांगितलं, ही गोष्ट हलक्यात घेऊ नकोस. डेव्हा पेजर या समाजशास्त्रज्ञ बाईंनी 2001 मध्ये अमेरिकेतल्या मिल्वॉकी शहरात एक प्रयोग केला होता. शिक्षण, अनुभव सगळं सारखं असलेले तरुण नोकरी मागायला पाठवले. काहींनी अर्जात तुरुंगवास लिहिला, काहींनी नाही. नोंद नसलेल्या गोऱ्या तरुणांपैकी 34 टक्क्यांना पुढचं बोलावणं आलं, नोंद असलेल्यांपैकी 17 टक्क्यांना. कृष्णवर्णीय तरुणांमध्ये हेच आकडे 14 आणि 5 होते. खरं सांगितलं की संधी निम्मी होते, आणि ज्याच्याकडे लोक आधीपासूनच संशयानं बघतात त्याची तर संपल्यातच जमा. तरीही तुझ्याकडे आलेला माणूस खरं बोलला. त्याची काही किंमत तुझ्या लेखी असू दे.

सुटका म्हणजे लोकांच्या डोळ्यांसमोर काय येतं? मोठं फाटक उघडतं, बाहेर नातेवाईक उभे असतात, मिठ्या, डोळ्यांत पाणी. मी जे पाहिलं ते वेगळंच होतं. आमच्या कार्यालयात पहिल्यांदा येणारे कितीतरी जण दाराशीच थांबून राहायचे. दार नुसतं लोटलेलं असायचं, तरी आतून कुणी उघडेपर्यंत ते तसेच उभे. वर्षानुवर्षं स्वतःच्या हातानं दार उघडायची वेळच आलेली नसते. एका मध्यमवयीन गृहस्थांना मी पाणी दिलं. ते प्यायले, आणि रिकामा पेला दोन्ही हातांनी समोर धरून उभे राहिले, कुठे ठेवायचा हे मी सांगेपर्यंत. तुझ्याकडेही हा माणूस प्रसाधनगृहात जायला परवानगी मागेल. चहाची सुट्टी झाली तरी कुणी सांगेपर्यंत मशीनपाशी उभा राहील. तुझ्या बाकीच्या माणसांना हे विचित्र वाटेल, एखादा हसेलही. त्या हसणाऱ्याला बाजूला घेऊन तिथल्या तिथे समज दे.

कागदपत्रांचा प्रश्न मात्र विचित्र वाटण्यापुरता राहत नाही, तो माणसाला पार बुडवू शकतो. ओळखपत्राची मुदत आतच संपलेली असते. नवीन काढायला पत्त्याचा पुरावा लागतो. पत्ता हवा तर भाड्याची खोली हवी, खोली हवी तर नोकरी हवी, आणि नोकरी देणारा म्हणतो पगारासाठी बँकेत खातं उघड, ज्याला पुन्हा पत्त्याचा पुरावा लागतो. या फेऱ्यात चांगली चांगली माणसं महिनोन्‌महिने अडकलेली मी पाहिली आहेत. तुझ्या लेटरहेडवर सही-शिक्क्याचं एक पत्र, हा माणूस माझ्याकडे कामाला आहे एवढंच लिहिलेलं, यातली एक गाठ सोडवतं. ते पहिल्याच दिवशी दे.

हे उपकार आहेत असं तुला किंवा त्याला वाटायचं कारण नाही. संयुक्त राष्ट्रांनी कैद्यांना द्यायच्या वागणुकीचे किमान नियम 2015 मध्ये सुधारून घेतले, त्यांना नेल्सन मंडेलांचं नाव दिलं. त्यातला 90 वा नियम सांगतो की कैद्याच्या सुटकेबरोबर समाजाचं कर्तव्य संपत नाही. 107 वा म्हणतो, शिक्षेच्या सुरुवातीपासूनच सुटकेनंतरच्या आयुष्याचा विचार व्हावा. 108 व्यात तर थेट यादीच आहे: योग्य कागदपत्रं, राहायला जागा, काम, हवामानाला साजेसे कपडे, मुक्कामाला पोचण्याची सोय. नियम लिहिणाऱ्यांना पक्कं माहीत होतं की माणूस घसरतो तो अशाच साध्या गोष्टींवरून. कागदावर हे सगळं आहे. प्रत्यक्षात ते तुझ्यासारख्या कुणीतरी करावं लागतं.

आता पगाराचं. महिनाअखेरपर्यंत थांबायला लावू नकोस, निदान सुरुवातीला दर आठवड्याला दे. सुटलेल्या माणसाच्या हातात पैसे नसतात, आणि जुने मित्र तेवढ्यातच मदतीला येतात. त्यांची मदत फुकट नसते. पॅरोलवर असेल किंवा पोलीस ठाण्यात हजेरी द्यायची असेल तर त्याचे दिवस आधीच विचारून पाळीच्या वेळापत्रकात लिहून टाक, दर वेळी तोंड पाडून सुट्टी मागायला लावू नकोस. हजेरी चुकली तर माणूस पुन्हा आत जाऊ शकतो, तेही कोणताही नवा गुन्हा न करता.

गुन्हा काय होता हे एकदा विचार. नीट बसून, समोरासमोर. तू मालक आहेस, तुला जबाबदारी आहे, तो तुझा हक्कच आहे. गुन्ह्याचा आणि कामाचा संबंध असेल तर तो बघायलाच हवा. पैशांच्या अफरातफरीसाठी शिक्षा झालेल्याला तिजोरीची किल्ली पहिल्या महिन्यात देणं हा त्याच्यावरही अन्याय. पण एकदा ऐकून घेतलंस की विषय बंद. भांडणात, रागात, चेष्टेत, कधीही पुन्हा काढू नकोस. बाकीच्या कामगारांना सांगायचं की नाही हे त्याचं त्याला ठरवू दे. सुपरवायझरला माहीत असावं, तेही त्याला विचारून.

आणि एक गोष्ट आत्ताच ठरवून ठेव. कधी ना कधी कारखान्यातून काहीतरी हरवेल. कुठल्याही कारखान्यातून हरवतंच. त्या दिवशी सगळ्यांच्या नजरा त्याच्याकडे वळतील, तुझीसुद्धा. तेव्हा सगळ्यांची चौकशी एकाच पद्धतीनं होईल, सुरुवात त्याच्यापासून होणार नाही, हे आज शांत डोक्यानं पक्कं कर. रागाच्या भरात ते सुचत नसतं.

त्याला दारूचं किंवा नशेचं व्यसन होतं का, हेही जाणून घे. वॉशिंग्टन राज्यातल्या तुरुंगांतून सुटलेल्या तीस हजारांवर लोकांचा अभ्यास 2007 मध्ये प्रसिद्ध झाला. सुटल्यानंतरच्या पहिल्या दोन आठवड्यांत त्यांच्या मृत्यूचा धोका इतर रहिवाशांच्या 12.7 पट होता, आणि सगळ्यात मोठं कारण अमली पदार्थांचा अतिडोस. आत राहून शरीराची सवय मोडलेली असते, बाहेर आल्यावर माणूस जुन्या मापानंच घेतो आणि जीव जातो. आमच्याकडे येणाऱ्यांपैकीही काही असे गेले, बाळा. त्यांची आठवण आली की अजून झोप येत नाही. म्हणून तो दोन दिवस न सांगता गैरहजर राहिला तर नाव कमी करण्याआधी कुणाला तरी त्याच्या खोलीवर पाठव.

तू लिहिलंयस, "त्यानं ज्यांचं वाईट केलं त्यांना काय वाटेल?" हा प्रश्न तुला पडला याचं मला बरं वाटलं, कारण आमच्या कामातही अनेकांना तो पडत नाही. ज्या घरानं माणूस गमावला किंवा आयुष्यभराची भीती कमावली, त्यांनी क्षमा करावी असं सांगायचा अधिकार मला नाही आणि तुलाही नाही. त्यांचा राग त्यांचा आहे. पण हा माणूस उपाशी आणि एकटा राहिला म्हणून त्यांचं दुःख कमी होत नाही. पुन्हा कुणाचं तसं होऊ नये, एवढं मात्र आपल्या हातात थोडंफार असतं.

कॅनडात हॅमिल्टन शहरात 1994 मध्ये असाच पेच उभा राहिला होता. लहान मुलांवर अत्याचार केलेला एक माणूस सुटून आला, गाव भीतीनं आणि संतापानं पेटलेलं. मेनोनाइट या ख्रिस्ती पंथाचे एक धर्मगुरू आणि त्यांच्या मंडळीतली काही माणसं त्याच्याभोवती उभी राहिली. त्याला भेटत, मदत करत, आणि लक्षही ठेवत. काही चुकीचं दिसलं तर तोंडावर सांगत. त्यातूनच आधार आणि उत्तरदायित्व यांची वर्तुळं ही पद्धत तयार झाली आणि इतर देशांतही गेली. कॅनडातल्या अभ्यासांत अशा वर्तुळातली माणसं पुन्हा तसा गुन्हा करण्याचं प्रमाण बरंच कमी दिसलं. नुसती दया दाखवून भागत नाही आणि नुसती पाळत ठेवूनही भागत नाही. त्या लोकांनी दोन्ही एकत्र केलं. तुझ्याकडे एवढं मोठं काही नको. रोज कामावर आल्यावर त्याला "कसं चाललंय" असं विचारणारा आणि उत्तर ऐकायला थांबणारा एक माणूस पुरे. तुझे फोरमनकाका त्याला योग्य आहेत.

त्याच्या घरचं मी थोडक्यात लिहिते, कारण त्यात तू फारसं काही करू शकणार नाहीस. तो नसताना बायकोनं घर चालवलेलं असतं, मुलं मोठी झालेली असतात, आणि त्याला वाटतं आपली जागा तशीच रिकामी असेल. ती नसते. घरात वाद होतील आणि तो कामावर गप्प गप्प राहील. त्याला काम देत राहा.

सहा महिन्यांनी, सगळं बरं चाललं तर, त्याच्या हाताखाली एक शिकाऊ मुलगा दे. हे मी अनुभवावरून सांगतेय, आणि शॅड मरुना या संशोधकांनी लिव्हरपूलमध्ये गुन्हेगारीतून बाहेर पडलेल्यांशी बोलून जे मांडलं तेही याला धरूनच आहे: जे खरोखर सुटले, त्यांना आपल्याकडून दुसऱ्या कुणाला तरी काही मिळावं याची ओढ होती. सतत घेणाऱ्याच्या जागी बसवलं की माणूस खचतो. ज्याला काहीतरी शिकवता येतं त्याची मान वर होते.

सोमवारपासून बोलाव. त्याआधी तो सध्या कुठे झोपतो एवढं विचारून घे, संकोच करू नकोस. आसरागृहात किंवा कुणाच्या तरी ओट्यावर असेल तर मला त्याच दिवशी फोन कर. आमच्या जुन्या सहकारीणबाईंकडची एक खोली या महिन्यात रिकामी होतेय, भाडं उशिरा चालेल असं त्या म्हणाल्या आहेत. मी त्यांच्याशी बोलून ठेवते.

तुझी,
आई