वराहपालनावरच्या लेखाबद्दल

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

तुमच्या पुरवणीत वराहपालनातल्या नव्या संशोधनावर लेख आला, बरं वाटलं, कारण एरवी डुक्कर पेपरात येतं ते साथ आली की नाहीतर कुणाला शिवी द्यायची असली की. पण लेखात आरोग्य वेगळं, आहार वेगळा आणि शेवटी एक छोटी चौकट 'प्राणीकल्याण' म्हणून, आणि तिचा सूर असा की हे श्रीमंत देशांचे चोचले, परवडलं तर करा. मी जनावरांचं खाद्य बनवण्याच्या कामात आहे, रोज प्रोटीनच्या टक्क्यांशी झटापट असते, आणि म्हणूनच सांगते की ही चौकट अशी कापून वेगळी काढताच येत नाही.

दूध तोडण्याचंच घ्या. मोकळ्या आवारात सोडलेली मादी पिल्लांचं दूध तीन-चार महिन्यांत हळूहळू सोडवते, फार्मवर ते तीन-चार आठवड्यांतच आणि एका दिवसात उरकतात. त्या दिवसापर्यंत पिल्लाला साधारण तासाभराने दूध मिळत असतं, पान्हा टिकतो जेमतेम वीसेक सेकंद, त्यामुळे सगळी भावंडं एकदम ओळीने लागतात, ज्याचं त्याचं सड ठरलेलं. दुसऱ्या दिवशी आई नाही, जागा नवी, शेजारी अनोळखी पिल्लं, पुढ्यात कोरडं खाद्य. काही पिल्लं तर पहिला दिवस त्याला तोंडच लावत नाहीत, कोपऱ्यात एकमेकांवर चढून पडून राहतात आणि मग भूक अनावर झाली की तुटून पडतात. मधल्या उपासात आतड्याच्या आतली, अन्न शोषून घेणारी बारीक लव झिजून आखूड झालेली असते, खाल्लेलं प्रोटीन नीट पचत नाही, ते पुढे मोठ्या आतड्यात जाऊन सडतं आणि ई. कोलाय या जंतूची चंगळ. झाली हगवण सुरू. आता ही हगवण आरोग्याच्या रकान्यात टाकायची, आहाराच्या की कल्याणाच्या, तुम्हीच सांगा.

यावर हमखास उतारा होता झिंक ऑक्साइड. टनभर खाद्यात अडीच किलोच्या आसपास झिंक घातलं की हगवण आटोक्यात येते, यात वाद नाही, पण पिल्लाच्या अंगाला त्यातलं थोडंसंच लागतं, बाकी सगळं शेणावाटे जमिनीत, आणि वर जंतूंमधे झिंक सोसण्याचे आणि अँटिबायोटिकला न जुमानण्याचे गुण जोडीने पसरायची भीती. म्हणून युरोपियन युनियनने जून २०२२ पासून हा औषधी डोस बंद केला, आता मर्यादा टनाला १५० ग्रॅम. म्हणजे तिथल्या आमच्यासारख्यांची हुकमी गोळी गेली, आणि मग सगळ्यांना आठवलं की मूळ प्रश्न पिल्लाला एका दिवसात तोडण्याचा होता. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, इतकी वर्षं हेच चाललं होतं.

झिंकशिवाय काय करायचं तर दूध थोडं उशिरा तोडा, आईजवळ असतानाच खाद्याची ओळख करून द्या, आणि खाद्यातलं एकूण प्रोटीन कमी करून लायसिन, थ्रिओनिन, ट्रिप्टोफॅन अशी अमिनो आम्लं, म्हणजे ज्यांचं प्रोटीन बनतं ते घटक, वेगळी घाला, म्हणजे सडायला माल कमी उरतो. तुमच्या लेखात यातलं फक्त शेवटचं आलंय आणि तेही अर्धवट, 'प्रोटीन कमी करा, खर्च आणि प्रदूषण दोन्ही वाचवा' एवढंच. अहो, हे इतकं सरळ नाही. नेदरलंड्समधल्या वागेनिंगेन विद्यापीठातल्या लोकांनी २०१७ मधे एक अभ्यास छापला, त्यात काही डुकरं स्वच्छ शेडमधे ठेवली, काही मुद्दाम अस्वच्छ शेडमधे, आणि दोन्हीकडे कमी आणि जास्त प्रोटीनचं खाद्य दिलं. अस्वच्छ शेडमधे एकमेकांचे कान चावणं वाढलं आणि कमी प्रोटीनच्या खाद्यावरही वाढलं, अमिनो आम्लांची भर घातली तेव्हा अस्वच्छ शेडमधलं ते चावणं कमी झालं. कारण समजण्यासारखं आहे, शरीर जंतूंशी लढत असलं की अमिनो आम्लं तिकडे खर्च होतात, ट्रिप्टोफॅन तर खासच, आणि मेंदूतलं सेरोटोनिन त्यापासूनच बनतं. म्हणजे शेडची घाण, खाद्याचा फॉर्म्युला आणि शेजाऱ्याचा कान, तिन्ही एका अभ्यासात.

कानावरून आठवलं, डुकरं एकमेकांच्या शेपट्याही चावतात, आणि तुमच्या चौकटीत शेपटी कापणं हा 'चावण्यावरचा उपाय' असं छापलंय. कापल्याने चावा कमी होतो हे खरं, पण चावायची इच्छा कुठे जाते? एडिंबरात स्टोल्बा आणि वुड-गश या दोघांनी फार्मवरची डुकरं मोकळ्या आवारात सोडून पाहिली, तर ती दिवसाउजेडी निम्म्याहून जास्त वेळ चरणं आणि नाकाने उकरणं यातच घालवत होती. त्याच जातीचं जनावर उघड्या सिमेंटवर ठेवलं, खाणं दहा मिनिटांत संपलं, तर उरलेल्या दिवसभर ते नाक कशाला लावणार? उकरायला पेंढा द्या म्हणणाऱ्यांना हसणाऱ्यांनी याचं उत्तर द्यावं. अर्थात पेंढ्याने शेणखड्ड्याच्या जाळ्या तुंबतात ही अडचण खरीच आहे आणि ती फार्मवाल्यांच्या डोक्यावर टाकून मोकळं होणंही बरोबर नाही.

एक विनंती आहे. एखाद्या खाद्यघटकाने वजन वाढलं अशी बातमी छापताना प्रयोग कुठे झाला, शेड कशी होती, एका कप्प्यात किती डुकरं होती, दूध कितव्या दिवशी तोडलं होतं एवढं तरी द्या, कारण संशोधन केंद्राच्या धुतलेल्या शेडमधे आलेला आकडा गर्दीच्या शेडमधे तसाच येईल असं नाही, उलटही होतं, अँटिबायोटिकचा फायदा घाणीत जास्त दिसतो. आणि पुढच्या भागात शेपटीवर लिहिणार असाल तर स्वीडन आणि फिनलंडमधे ती कापायला बंदी आहे, तिथे काम कसं चालतं ते जरूर विचारून छापा.

कळावे,
आपली एक नियमित वाचक