विषय : म्हैसमाळच्या पाच दिवसांच्या निवासी कोडिंग शिबिराचे पैसे परत मिळण्याबाबत

प्रति,
व्यवस्थापक, शिबिर विभाग

तुमच्या कस्टमर केअरशी चौथं बोलणं वीस मिनिटांपूर्वी झालं. पाचवं होणार नाही, म्हणून हे लेखी.

पेअर प्रोग्रामिंग म्हणजे काय, ते मी तुम्हाला सांगायला नको. एकानं लिहायचं, दुसऱ्यानं बघत टोकायचं, थोड्या वेळानं जागा बदलायच्या. तुमच्याच माहितीपत्रकात छापलंय. म्हैसमाळच्या हॉलमध्ये माणसं बावीस आणि चालू प्लग चार. त्यामुळे एकेका लॅपटॉपला तिघं-चौघं चिकटलेले. पहिल्या दिवशी तुमचे सर याला "ॲडजस्ट करा" म्हणाले. तिसऱ्या दिवशी फोटो काढायला माणूस आला, तेव्हा त्याच गर्दीचं पेअर प्रोग्रामिंग झालं.

मी जालन्याच्या मोंढ्यातल्या आडत दुकानांसाठी पट्टीचं, म्हणजे शेतकऱ्याच्या मालाच्या हिशेबाचं, सॉफ्टवेअर लिहितो, अकरा वर्षं झाली. हमाली, तोलाई, उचल सगळं एकाच फंक्शनात, नऊशे ओळी. चालतं, पण त्याला हात लावायची मलाच भीती वाटते. माझा कोड कुणीतरी जाणत्यानं शेजारी बसून फाडावा, एवढ्यासाठी ऐन सोयाबीनच्या आवकेत पाच दिवस फोन बंद ठेवून आलो. १८,५०० रुपये, वर १८ टक्के जीएसटी, म्हणजे २१,८३०. माझ्या कोडाची एक ओळही कुणी पाहिली नाही.

गणितज्ञ जॉन कॉनवेंचा १९७० चा 'गेम ऑफ लाइफ' घेतला, म्हणजे जाळीतली प्रत्येक पेशी पुढच्या पिढीत जगते की मरते ते शेजारच्या जिवंत पेशी मोजून ठरवायचं; इथवर ठीक. 'कोड रिट्रीट' नावाच्या सरावात हा खेळ पंचेचाळीस मिनिटं लिहायचा, मग सगळं पुसायचं आणि नव्या जोडीदाराबरोबर कोऱ्या पानापासून सुरुवात करायची. गंमत त्या पुसण्यातच आहे. तुमच्या सरांनी व्हॉट्सॲपवर तयार कोडाची झिप फाइल टाकली आणि "हे पोर्टफोलिओत ठेवा" म्हणाले. पुसायचं काय, आम्ही लिहिलंच नव्हतं!

त्या झिपमध्ये चूक होती. तीन पेशींची आडवी रांग पुढच्या पिढीत उभी व्हायला हवी. तुमच्या कोडात भलताच आकार यायचा. मी दाखवलं. सर म्हणाले, "रन होतंय ना? पुढे चला."

आता आजचा फोन. आधी अकरा मिनिटं तुमची धून ऐकली. मग ताई आल्या.
"सर, सिस्टिमला तुमचा कोर्स शंभर टक्के कम्प्लीट दिसतोय."
म्हटलं, दिसणारच. पाचही दिवसांच्या सह्या पहिल्याच दिवशी चहाआधी घेतल्या होत्या.
"प्रोजेक्ट मिळाला ना सर?"
मिळाला, पण चुकीचा.
"पण मिळाला ना?"
मी गप्प. मग त्या अगदी मायेनं म्हणाल्या, "सर, तुम्ही जालन्याहून ना? मराठवाड्यातल्या स्टुडंट्सचं बेसिक जरा वीक असतं. तुम्ही आधी बेसिक बॅच करा, पंधरा टक्के डिस्काउंट लावून देते."

ताई, बेसिक वीक आहे खरं. म्हणूनच तर चार प्लग न मोजता पैसे भरले. शिबिर मात्र तुम्ही मराठवाड्यातच भरवता. इथली हवा चालते, इथली माणसं वीक.

त्या ताईंवर माझा राग नाही, समोर लिहून दिलेलं त्या वाचत असणार. राग लिहून देणाऱ्यावर आहे. वाईटही वाटतं, कारण मी लूप शिकलो तो तुमच्याच जुन्या फुकटच्या व्हिडिओंवर. तेव्हा तुम्ही शिकवत होता.

पंधरा दिवसांत २१,८३० रुपये खात्यावर जमा करा. नाहीतर २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानं मी राहतो तिथल्याच, म्हणजे जालन्याच्या जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार करता येते, आणि पाच लाखांपर्यंत फी लागत नाही. तारखेला तुम्हालाच इकडे यावं लागेल. माहितीपत्रक, सह्यांच्या कागदाचा फोटो आणि चार प्लगांचा फोटो जपून ठेवलाय. हो, प्लग चारच होते.

आपला,
पावती सोबत जोडलेला ग्राहक, जालना

ता. क. : झिपमधली चूक अशी. शेजारी मोजता मोजता तुम्ही त्याच जाळीत नवे आकडे भरता. एकाच वहीत तोल घ्यायचा आणि आधीचा तोल खोडत जायचा, तसं. मोजायला जुनी जाळी, लिहायला नवी. पुढच्या बॅचआधी तेवढं तरी बदला.