गोठ्याच्या दारातला दगड

चि. बाळास,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू म्हणालास, "चार पोरं घेऊन येतो, बघतो त्या आबांकडे." मी गप्प राहिले, कारण तुझा आवाज चढला होता आणि शेजारच्या शेतातल्या आबांचा थोरला आपल्या दोघांच्या मधल्या बांधावरच उभा होता, कान इकडे लावून. म्हणून लिहिते आहे. फोनवर तू मला मधेच तोडतोस, कागदावर तोडता येत नाही.

पोरं आणू नकोस. एकदा हात उचलला गेला की बांध राहतो बाजूला आणि पोलिसांच्या चॅप्टर केसच्या, म्हणजे शांतताभंगाच्या केसच्या, तारखा सुरू होतात. तिथं बांध कुणी कोरला हे कुणी विचारत नाही.

आणि कोरलाय, त्यात शंका नाही. तुला आठवत असेल, डोक्यावर वैरणीचे भारे घेऊन मी आणि तुझी आत्या त्या बांधावरून शेजारी शेजारी, गप्पा मारत यायचो. आता एक पाऊल टाकलं की दुसऱ्याला जागा शोधावी लागते. बैल होते तोवर बांध टिकला. ट्रॅक्टर आला आणि दर नांगरटीला वीतभर जायला लागला. वीतभर म्हणजे काय, असं तुला वाटेल. हिशेब कर. आपला बांध दहा साखळ्यांचा, साखळी 33 फुटांची, म्हणजे लांबी 330 फूट. गुंठा 1,089 चौरस फुटांचा. बांध 3.3 फूट सरकला की एक गुंठा गेला. वर्षाला वीत धरली तर साडेचार वर्षांत. एवढं हळू जातं म्हणून तर कुणाला ओरडताही येत नाही. ओरडलं की माणूस म्हणतो, "कुठं? दाखव."

मी ओरडून पाहिलं आहे, ते तुला सांगितलं नव्हतं. गेल्या उन्हाळ्यात आबांचा ट्रॅक्टर अडवून उभी राहिले. ते नको ते बोलले, मीही कमी बोलले नाही. दुसऱ्या दिवशी बांधाच्या तोंडाशी काट्या टाकलेल्या. महिनाभर मी लांबच्या वाटेनं शेतात गेले. त्या भांडणातून काय मिळालं तर एवढंच.

मग सातबारा घेऊन तालुक्याला गेले, जणू त्यावर सगळं लिहिलेलंच असतं. तिथल्या एका म्हाताऱ्या अर्जलेखकानं मला बसवून सांगितलं, "बाई, सातबाऱ्यावर जमीन किती ते असतं. कुठून कुठपर्यंत, ते नकाशात." इतकी वर्षं सातबारा पेटीत जपून ठेवला आणि ही गोष्ट मला ठाऊक नव्हती. आबांचंही क्षेत्र त्यांच्या उताऱ्यावर बरोबर आहे, आपलंही बरोबर आहे, आणि बांध तरी सरकलेलाच आहे. त्यामुळे उतारे समोरासमोर नाचवून काही होत नाही.

म्हणून मी भूमी अभिलेख कार्यालयाकडे हद्द कायम मोजणीचा, म्हणजे सरकारी मापानं हद्द ठरवून घेण्याचा, अर्ज केला. तारीख मिळाली आहे. लगतच्या सगळ्या कब्जेदारांना नोटीस जाते, तशी आबांनाही गेली आहे. नोटीस मिळाल्यापासून ते माझ्याकडे बघत नाहीत, त्यांची सून मात्र बघते. ते आले नाहीत तरी मोजणी थांबत नाही, आणि सही केली नाही तर तशी नोंद होते. पूर्वी साखळी ओढायचे, मग तिपाईवर फळा ठेवून मोजायचे. आता रोव्हर आणतात, काठीवर बसवलेलं यंत्र, ते उपग्रहांवरून जागा ठरवतं. यंत्र नवं असलं तरी ताळा जुन्या नकाशाशीच लावायचा असतो, म्हणून मी गटाच्या नकाशाची नक्कल काढून ठेवली आहे. खुणा दाखवल्या की त्याच वेळी दगड रोवून घ्यायचे. नंतर हद्दीचा नकाशा मिळतो, त्याला 'क प्रत' म्हणतात.

आता तू म्हणशील, मग झालं. तसं नाही. मोजणीवाला, म्हणजे भूकरमापक, खुणा दाखवून जातो, तो कुणाला उठवून ताबा देत नाही. आबांना मोजणी पटली नाही तर ते निमताना मोजणी, म्हणजे वरच्या अधिकाऱ्याची फेरमोजणी, मागू शकतात, ती तालुक्याचे उपअधीक्षक करतात. तीही पटली नाही तर सुपर निमताना, ती जिल्हा अधीक्षकांची. त्यांनी हे मागितलं तर चिडू नकोस, तो त्यांचा हक्क आहे. हद्द ठरूनही ते मागे सरले नाहीत, तर 1966 च्या जमीन महसूल संहितेत कलम 138 आहे, त्याखाली जिल्हाधिकारी अशा कब्जेदाराला काढू शकतात. नाहीतर दिवाणी दावा. पण दाव्यातही बहुतेक वेळा कोर्ट कमिशनर नेमून पुन्हा मोजणीच होते, आणि मधे किती वर्षं जातील ते सांगता येत नाही. फक्त एक ध्यानात ठेव, आपणही झोपून राहिलो तर जमीन परत मागायची 12 वर्षांची मुदत आपल्याच विरुद्ध मोजली जाते. म्हणून मी जाताना-येताना बांधाचे फोटो काढते, कॅलेंडरवर त्या त्या तारखेला टीप लिहिते. तू हसशील, पण त्यातल्या दोन टिपा मलाच आठवत नव्हत्या.

आता खरं सांगायचं ते. हे फोनवर सांगवलं नसतं.

गोठ्याच्या दारात पायरीला जो दगड आहे, ज्यावर बसून तू पावसाळ्यात पायाचा चिखल खरवडायचास, तो पायरीचा दगड नाही. त्याच्या खालच्या अंगाला चुन्याचा पट्टा आहे, पुसट झालाय, पण ओल्या फडक्यानं पुसला की दिसतो. तो हद्दीचा दगड आहे. माझं लग्न होऊन दुसरं वर्ष असेल, मामंजींनी विहिरीकडच्या टोकाला बैलगाडी वळायला जागा पाहिजे म्हणून तो उपटला आणि गाडीत घालून घरी आणला. आबांचे वडील तेव्हा आजारी होते. कुणी काही बोललं नाही. तुझ्या बाबांना ठाऊक होतं, मला ठाऊक होतं. आबांना ठाऊक असावं असं मला आता वाटायला लागलंय. ते नांगर वरच्या अंगाला घालतात, विहिरीकडच्या टोकाला हात लावत नाहीत.

म्हणजे मोजणी झाली की वरच्या बाजूला आपलं निघेल आणि विहिरीपाशी त्यांचं. किती, ते यंत्र सांगेल.

वकिलांना हे मी सांगितलं. त्यांनी लगेच रस्ता काढला. म्हणाले, तुमचा कब्जा 12 वर्षांच्या किती तरी पलीकडचा आहे, उघड आणि अखंड होता हे सिद्ध करू, विरुद्ध कब्जा म्हणू, म्हणजे इतक्या वर्षांच्या ताब्यानं ती जागा तुमचीच झाली असं. त्यांचं काम ते करतात. पण तेच वाक्य बारा वर्षांनी आबांचा थोरला तुला ऐकवेल तेव्हा तू काय म्हणशील, असा विचार आला आणि मी नको म्हणाले. तुला हे पटणार नाही, मला माहीत आहे. जमीन पुढं तुझी आहे, म्हणून तुला विचारायला हवं होतं, तेही खरं. पण अर्जावर सही माझी आहे.

काल संध्याकाळी आबा मोटर बंद करायला आले होते. मी बांधावरूनच सांगितलं, "आबा, मोजणीला या. विहिरीकडंही मोजायला लावणार आहे." ते थांबले. बोलले काही नाहीत, पण गेल्या उन्हाळ्यानंतर पहिल्यांदा चालता चालता थांबले. आज सकाळी काट्या तिथंच होत्या, हेही सांगते. उगीच आशा लावून घेऊ नकोस.

तू मोजणीच्या आदल्या दिवशी ये, एकटा. बोलायचं ते मी बोलेन, तू खुणांचे फोटो काढ आणि गप्प राहा. आणि येशील तेव्हा आधी मला तो दगड हलवायला हात लाव. भूकरमापक जागा दाखवतील तिथं तो परत रोवायचा आहे. मी पहार लावून पाहिली, एकटीनं हलत नाही.

तुझी,
आई