अग्निशमन आणि परावैद्यक : सराव एकत्र हवा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

दहावी-बारावीचे निकाल लागले की अग्निशमन आणि परावैद्यक (पॅरामेडिकल) अभ्यासक्रमांच्या जाहिराती गावोगावी झळकतात. मुलांनी या कामात जरूर यावे, माणसांची गरज दोन्हीकडे आहे. पण महाविद्यालयांत हे दोन अभ्यासक्रम एकमेकांना ओळखही न देता चालतात आणि रुग्णालयाला आग लागली की ती उणीव रुग्णांच्या जिवावर बेतते. 2021 मध्ये 9 जानेवारीला भंडारा जिल्हा रुग्णालयाच्या नवजात शिशू कक्षात 10 बाळे दगावली. एप्रिलमध्ये विरारच्या एका रुग्णालयाचा अतिदक्षता विभाग पेटला, नोव्हेंबरमध्ये अहमदनगरच्या जिल्हा रुग्णालयाचा. तिन्ही ठिकाणी आग लागली ती अंथरुणातून स्वतःहून उठू न शकणाऱ्यांच्या खोलीत.

अशा विभागातली आग घरातल्या आगीसारखी वागत नाही. हवेत ऑक्सिजन 21 टक्के असतो. मास्कमधून गळणाऱ्या ऑक्सिजनने ते प्रमाण दोन-तीन टक्क्यांनी जरी वाढले, तरी गादी, चादर, पडदे झपाट्याने पेट घेतात. म्हणून विभागाबाहेरच्या भिंतीवरचा ऑक्सिजनचा झोन व्हॉल्व्ह, म्हणजे त्या विभागाचा पुरवठा तोडणारी झडप, बंद करावाच लागतो. मात्र त्याआधी व्हेंटिलेटरवरचा रुग्ण अंबू बॅग (हाताने दाबून श्वास देण्याची पिशवी) आणि छोट्या सिलिंडरवर घ्यायला हवा. अग्निशमनाच्या विद्यार्थ्याला हा व्हॉल्व्ह कुठे असतो ते कोणी दाखवलेले नसते. परावैद्यकच्या विद्यार्थ्याला तो रोज दिसतो, पण बंद कोणी आणि कोणाच्या सांगण्यावरून करायचा हे ठाऊक नसते.

अशा छोट्या, बी-टाइप सिलिंडरमध्ये सुमारे 1,500 लिटर ऑक्सिजन मावतो, म्हणजे मिनिटाला 10 लिटर दिला तर अडीच तास. दाबमापकाचा काटा निम्म्यावर असेल तर सव्वा तास. हा हिशेब तोंडी यायला हवा. सिलिंडर उघडायची चावी त्यालाच दोरीने बांधलेली हवी, कारण ऐन वेळी भरलेला सिलिंडर हाताशी असतो आणि चावी मात्र दुसऱ्याच कपाटात. प्रौढ रुग्णाला अंबू बॅगने दर सहा सेकंदांनी एक श्वास पुरतो. घाबरलेला हात त्याच्या दुप्पट वेगाने दाबतो, मग छातीत हवा कोंडते आणि रक्तदाब खाली येतो. गोंगाटात, धावपळीत हा वेग राखणे वर्गात बसून येत नाही.

अग्निशामक यंत्राचेही तसेच. सहा किलोचे पावडरचे यंत्र पंधरा-वीस सेकंदांत रिकामे होते आणि ती पावडर रुग्णाच्या श्वासात आणि उपकरणांत जाते. विजेच्या उपकरणाला कार्बन डायऑक्साइड बरा, पण तो थंडावा टिकवत नाही, त्यामुळे वीजपुरवठा तोडला नाही तर आग पुन्हा भडकते. लहान बंद खोलीत तो वापरणाऱ्याचाच श्वास कोंडू शकतो, म्हणून दाराशी उभे राहून मारावा आणि हॉर्न (वायू बाहेर सोडणारे नळकांडे) उघड्या हाताने धरू नये, गारठ्याने कातडी भाजते.

रुग्ण हलवताना जिन्याकडे धाव घेण्याची चूक फार होते. आधी त्याच मजल्यावर आगरोधक दारापलीकडे न्यायचे, जिना नंतर. (ती दारे खुर्ची लावून उघडी ठेवलेली असतात, हा वेगळाच विषय.) ट्रॉली वळत नसेल तर रुग्णाला चादरीसकट जमिनीवर घेऊन डोक्याकडून ओढायचे. त्याआधी सलाइनची नळी तिच्यावरच्या रोलरने (चाकाच्या चिमट्याने) बंद करायची आणि लघवीची पिशवी दोन्ही पायांमध्ये ठेवायची, नाहीतर नळ्या उपटतात. हे परावैद्यकचा विद्यार्थी अग्निशमनवाल्याला पाच मिनिटांत शिकवू शकतो.

उलट बाजूने परावैद्यकच्या विद्यार्थ्याला धुरातले काम कळायला हवे. सहा लिटरच्या, 300 बार दाबाच्या श्वसन संचात (जवान धुरात पाठीवर नेतो त्या हवेच्या सिलिंडरात) 1,800 लिटर हवा असते. मिनिटाला 40 लिटर धरले तर कागदावर 45 मिनिटे, रुग्ण उचलताना त्याच्या निम्मीही पुरत नाहीत आणि हवा संपत आल्याची शिट्टी वाजायच्या आत परतीची वाट धरावी लागते. दाढी वाढलेली असेल तर मुखवटा नीट बसत नाही. आत गेलेला माणूस किती वेळ टिकेल हे बाहेर ट्रॉली घेऊन उभ्या असलेल्या तंत्रज्ञाला माहीत असले, तर तो पुढच्या रुग्णाची तयारी वेळेत करतो.

पालकांनाही सांगायचे आहे. 2021 च्या केंद्रीय कायद्यानुसार संलग्न आरोग्य व्यावसायिक (परावैद्यक तंत्रज्ञ यातच मोडतात) ठरायला किमान 2,000 तासांचा, दोन ते चार वर्षांचा पदविका वा पदवी अभ्यासक्रम लागतो. सहा महिन्यांचे प्रमाणपत्र त्यात बसत नाही. अग्निशमनाच्या संस्थेत फी भरण्याआधी पंप, होज (पाण्याच्या नळ्या), श्वसन संच आणि सरावाचा मनोरा स्वतः पाहून या. मुंबईत सांताक्रूझची राज्य अग्निशमन अकादमी किंवा नागपूरचे राष्ट्रीय अग्निशमन महाविद्यालय इथे काय असते याची चौकशी केली की फरक कळतो.

महाविद्यालयांकडे आमची मागणी एकच आहे. प्रत्येक सत्रात दोन दिवस दोन्ही शाखांचा सराव संलग्न रुग्णालयाच्या रिकाम्या वॉर्डात, एकदा तरी रात्री दिवे घालवून, रुग्णाऐवजी 60 किलोचा पुतळा घेऊन व्हावा. व्हॉल्व्ह कोणी बंद केला, पहिला रुग्ण किती मिनिटांत दारापलीकडे गेला हे लिहून ठेवावे आणि त्याचे गुण प्रात्यक्षिकाच्या परीक्षेत धरावेत. गुण नसले की मुले त्या दिवशी येत नाहीत.

आपले,
अग्निशमन व परावैद्यक अभ्यासक्रमांचे काही प्रशिक्षक