आधारचा फोटो पोहोचल्यानंतर त्याचं काय होतं? : केंद्रीय माहिती तंत्रज्ञान मंत्र्यांना खुले पत्र

मा. मंत्रिमहोदय,
सादर नमस्कार.

कोकणात लॉजवर खोली घ्यायला गेलं की काउंटरवरून सांगतात, "आधारचा फोटो व्हॉट्सअ‍ॅप करा." शेवटचे चारच अंक दाखवणारं मास्क्ड आधार पुढे केलं तर "हे चालत नाही." फोटो एण्ड-टू-एण्ड एन्क्रिप्शनमधून जातो, वाटेत कुणालाही वाचता येत नाही. सुरक्षिततेत कसूर नाही. पण पोहोचल्यावर तो मॅनेजरच्या गॅलरीत लग्नाच्या फोटोंशेजारी पडून राहतो. पुढे कुणाकडे जाईल, कधी पुसला जाईल, कोण सांगणार? काहीही हॅक न होता खासगीपणा गेलेला असतो.

आमचा प्रश्न खासगीपणाचा असतो आणि सरकारचं उत्तर येतं सुरक्षिततेचं. २०१८ मध्ये आधारच्या सुनावणीत तत्कालीन अ‍ॅटर्नी जनरलनी सर्वोच्च न्यायालयात सांगितलं, की हा डेटा १३ फूट उंच आणि ५ फूट जाड भिंतींआड आहे. भिंत बाहेरच्या चोराला अडवेल. आत बसलेल्यानं माझ्या माहितीचं काय करायचं, यावर तिचा काय इलाज? नऊ न्यायमूर्तींनी २०१७ मध्ये खासगीपणाला मूलभूत हक्क म्हटलं, ते या आतल्या माणसाला रोखण्यासाठीही होतं. तरी २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्याचं कलम १७(२) सरकारला आपल्याच यंत्रणांना त्यातून वगळण्याची मुभा देतं.

आणि २०२१ च्या आयटी नियमांतला नियम ४(२) तर खासगीपणा आणि सुरक्षितता दोन्ही घालवतो. आदेश आला तर संदेश पहिल्यांदा कुणी पाठवला ते व्हॉट्सअ‍ॅपसारख्या मोठ्या सेवांनी सांगावं, असं तो म्हणतो. संदेश मुळात कुणी पाठवला, हे मागाहून शोधायचं तर प्रत्येकाच्या संदेशावर आधीच खूण ठेवावी लागणार. गुन्हेगार कोण ते तेव्हा माहीत नसतं, म्हणून सगळ्यांच्याच. अशी नोंद एकदा तयार झाली की चोरांनाही ती हवीच असते.

पोलिसांना तपासासाठी माहिती लागते, हे मला मनापासून मान्य आहे. त्यासाठी आयटी कायद्याचं कलम ६९ आहे. त्यातल्या आदेशांवरही न्यायाधीशाची नव्हे, गृहसचिवांची सही असते, ते आधी बदला.

नियम ४(२) मागे घ्या. कलम १७(२) मधली सूट न्यायालयाच्या परवानगीशिवाय मिळू नये, अशी दुरुस्ती आणा. आणि मास्क्ड आधार नाकारता येणार नाही, असा स्पष्ट आदेश काढा. त्याला तर कायदा बदलण्याचीही वाट पाहायला नको.

आपला,
एक नागरिक